ड्रॅगन जेवत नाही? आधी तापमान मोजा

बोईसरच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला जागा नसते, मांजराला सोसायटी नाक मुरडते, आणि मुलांना तर प्राणी हवाच असतो. मग काचेच्या पेटीत राहणारा, न भुंकणारा, केस न गाळणारा बिअर्डेड ड्रॅगन घरी येतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला हा सरडा शेपटीसकट दीड-दोन फूट वाढतो, हातावर शांत बसतो आणि गळ्याखालची काटेरी दाढी फुगवली की मुले खूश होतात. पहिले काही आठवडे कौतुकात जातात. मग एक दिवस तो समोरच्या किड्याकडे बघतो, जीभ जराशी बाहेर काढतो आणि तोंड फिरवतो. दुसऱ्या दिवशीही तेच.

घरात अंदाज सुरू होतात. रुसला असेल, चव आवडत नसेल, एकटा पडला असेल. दोन दिवसांत कोणीतरी सिरिंज आणतो, कोणी दूध सुचवतो, कोणी मेडिकलमधून भूक वाढवायचे टॉनिक. सापाच्या तोंडाला दूध लावण्याची नागपंचमीची जुनी सवय अशी सरड्यापर्यंत पोहोचते. दूध पचवणे हे सापाच्या पोटाचे काम नाही, तसे सरड्याच्याही नाही. आणि ज्या वेळी हे सगळे चाललेले असते त्या वेळी पेटीतल्या दिव्याखाली नेमके किती तापमान आहे, हे बहुतेक वेळा कोणी मोजलेलेच नसते. या प्राण्याच्या जेवणातल्या विचित्र वाटणाऱ्या वागण्याचा उलगडा तिथूनच सुरू करायला हवा. टॉनिकाला फार तर तिसरा-चौथा नंबर.

माणसाचे शरीर ३७ अंशांच्या आसपास स्वतःला राखते, त्यामुळे आपल्याला थंड खोलीतही भूक लागते. उलट जरा जास्तच लागते. सरड्याचे तसे नाही. त्याच्या शरीराची उष्णता बाहेरून येते आणि पचनरस त्या उष्णतेवर चालतात. ड्रॅगनला दिवसा ऊन खाण्याच्या जागेवर ३८ ते ४२ अंश लागतात, पेटीच्या दुसऱ्या टोकाला २५ ते २८, रात्री २० च्या वर. एका टोकाला तापायचे, दुसऱ्या टोकाला निवायचे, असे त्याचे दिवसभर चालते. अंग तापले नाही तर पोट काम करत नाही, आणि गार पोटात ढकललेले अन्न पचण्याऐवजी सडू लागते. म्हणजे गारठलेला ड्रॅगन तोंड फिरवतो तेव्हा तो शहाणपणाने वागत असतो. त्याच्या तोंडात सिरिंज घालणारा माणूस मात्र त्याचे नुकसान करत असतो.

हे पाहायला ऑस्ट्रेलियात जायची गरज नाही. केळवे-माहीमच्या वाडीत सकाळी कुंपणावर बसलेला आपला साधा सरडा याच कुळातला. ऊन पडल्यावर तो आधी अंग तापवतो, पाठ उन्हाकडे करून चपटा होतो, आणि मगच किड्यामागे धावतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण हिणवून म्हणतो. पण त्याला कुंपणाची कोणती बाजू निवडायची हे तरी ठरवता येते. काचेच्या पेटीतल्याला ऊन निवडता येत नाही. जे दिले तेच.

पालघर पट्ट्यात ही गोष्ट जरा जास्तच जपावी लागते. इथली हवा खाऱ्या किनाऱ्याची. मे महिन्यात पारा चढतो, पण हवेत ओल असते. जूनपासून चार महिने ढग, पाऊस आणि भिंतींना सुटलेला ओलावा. ड्रॅगनच्या मूळ प्रदेशात हवा कोरडी. पेटीत आर्द्रता साधारण ३० ते ४० टक्के असावी असे सांगितले जाते. आपल्याकडे जुलैत उघड्या खिडकीजवळ ती ८५-९० टक्क्यांवर जाते. त्यातच वीज जाते. दुपारी तीन-चार तास दिवा बंद राहिला, पेटी खोलीच्या तापमानावर आली आणि सकाळी खाल्लेले किडे अर्धवट पचलेले तसेच राहिले, की संध्याकाळी तो दुसरे किडे नाकारणारच. घरच्यांना वाटते, अचानक काय झाले. अचानक काही झालेले नसते. महावितरणचा फीडर बंद पडलेला असतो.

दुसरी अडचण तारापूरच्या पाळ्यांची. औद्योगिक वसाहतीत तिसरी पाळी करून सकाळी घरी येणारा माणूस दिवसा झोपतो. खोलीत अंधार हवा म्हणून पडदे ओढले जातात, पेटीचा दिवा विझवला जातो, आणि रात्री कामावर निघण्यापूर्वी त्याला आठवते की ड्रॅगनला खायला घालायचे राहिले. दिवा लागतो, किडे पडतात, तासाभराने दिवा पुन्हा बंद. ड्रॅगन पूर्ण दिवसा जागणारा प्राणी आहे. झोपेत मेंदू कसा चालतो याचा फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेत अभ्यास झाला, तो याच जातीवर. माणसाच्या झोपेत जशा दोन वेगळ्या अवस्था असतात तशा त्याच्या झोपेतही असतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात दिसले. अशा प्राण्याला रात्री नऊला उठवून जेवू घालणे म्हणजे अन्न पोटात टाकून चूल विझवणे. पाळी माणसाची आहे, सरड्याची नाही. साधे टायमर सॉकेट लावून दिवा सकाळी सातला सुरू आणि संध्याकाळी सातला बंद केला, दिवा तापल्यावर तासा-दोन तासांनी पहिले अन्न दिले, आणि दिवा बंद होण्यापूर्वी किमान दोन तास काही दिले नाही, तर ‘जेवत नाही’ ही तक्रार कित्येक घरांतून आपोआप जाईल. सकाळी जागे असणारे आजी-आजोबा, आई किंवा शाळेला निघालेले मूल हे काम सहज करू शकते.

तापमान मोजायचे म्हणजे पेटीच्या काचेवर चिकटवलेली रंगीत पट्टी पाहायची नाही. ती काचेचे तापमान सांगते. ड्रॅगन ज्या दगडावर किंवा फांदीवर बसतो तिथले पृष्ठभागाचे तापमान हवे. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक इथे कामाला येईल असे वाटते, पण ती ‘पृष्ठभाग’ मोडवर चालत असेल तरच. नाहीतर ती माणसाचा ताप शोधत बसते. साधा डिजिटल थर्मामीटर, ज्याची तार दगडावर ठेवता येते, तो स्वस्त आणि भरवशाचा.

तापमान बरोबर असूनही तो खात नसेल, तर पुढचा प्रश्न महिन्याचा. थंडीत हे सरडे मंदावतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात, दिवस लहान होतो, आणि वर्षाच्या पुढचा निरोगी ड्रॅगन काही आठवडे कोपऱ्यात झोपून काढतो, अन्न जवळजवळ बंद करतो. ही आजाराची खूण नव्हे. गोंधळ होतो तो पावसाळ्यात. जुलैत ढगाळ, थंडसर, अंधाऱ्या दिवसांत तो असाच सुस्त पडतो आणि ‘झोपेचा काळ असेल’ म्हणून घरचे निश्चिंत राहतात. फरक ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. झोपणाऱ्या निरोगी ड्रॅगनचे वजन फारसे हलत नाही. आजारी ड्रॅगनचे उतरत जाते: शेपटीचे मूळ बारीक होते, डोळे खोल जातात, विष्ठा पातळ होते किंवा होतच नाही. ४०० ग्रॅमचा ड्रॅगन ३६० वर आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर थांबायचे नाही. वर्षाखालच्या पिल्लाने तर थंडीतही बरेच दिवस उपाशी राहू नये. आठवड्यातून एकदा वजन, भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपलेले. मुलांना हे काम आवडते, आणि डॉक्टरलाही घरच्यांच्या आठवणींपेक्षा ते आकडे अधिक उपयोगी पडतात.

आता जेवतानाच्या छोट्या हालचाली. किडा पकडताना तो क्षणभर डोळे मिटतो. लाथा मारणाऱ्या किड्याच्या काट्यांपासून डोळा वाचवायची ती सोय आहे. पण जेवण संपल्यावरही एक किंवा दोन्ही डोळे मिटलेलेच राहत असतील, तर दिव्याकडे पाहावे. यूव्ही-बीचा दिवा फार जवळ किंवा चुकीच्या प्रकारचा असेल तर डोळ्यांना इजा होते आणि न दिसणारा किडा कोण खाणार? दिव्याखाली तोंड उघडे ठेवून बसणे हे अंग निववण्यासाठी असते. तेच गार टोकाला, चिकट लाळ आणि घरघर यांसह दिसले, तर ते फुप्फुसाचे दुखणे असू शकते आणि पावसाळ्यात त्याची शंका आधी घ्यावी. दाढी काळी करणे हा राग किंवा भीती समोरच्याला कळवण्याचा मार्ग. जेवताना दर वेळी दाढी काळी होत असेल तर पेटीसमोर काय आहे ते पाहावे: मांजर, आरसा, सतत चालणारा टीव्ही किंवा शेजारच्या पेटीतला दुसरा ड्रॅगन.

वरून येणारा हात हीही एक भीती. ड्रॅगनच्या डोक्याच्या मध्यावर, दोन डोळ्यांच्या मागे, एक फिकट ठिपका असतो. तो प्रकाश आणि सावली ओळखणारा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण वरून सावली पडल्याचे कळते, आणि रानात वरून येणारी सावली घारीची असते. पेटीचे झाकण उघडून वरून अन्न टाकले की काही ड्रॅगन दबून बसतात आणि घरच्यांना वाटते नखरे करतोय. समोरचे दार उघडून बाजूने द्यावे.

एका पेटीत दोघे असतील तर आणखी एक दृश्य दिसते. लहानसर ड्रॅगन पुढचा पाय उचलून हळू गोल फिरवतो. समाजमाध्यमांवर ‘बघा, हात हलवून टाटा करतोय’ म्हणून हे व्हिडिओ फिरतात. प्रत्यक्षात ती शरणागती असते. असा दबलेला प्राणी मोठ्याच्या समोर पोटभर खात नाही. त्याला वेगळी पेटी देणे हाच उपाय.

सगळ्यात गंभीर खूण मात्र वेगळीच. ड्रॅगन किड्यावर झेपावतो, जीभ पोहोचते, पण जबडा पकडू शकत नाही. किडा निसटतो, तो पुन्हा प्रयत्न करतो. बोटे थरथरतात. जबडा मऊ किंवा वाकडा वाटतो. घरात याला ‘नेम चुकतो’ म्हणून हसतात. हे हाडांतून कॅल्शियम निघून जाण्याचे लक्षण असू शकते. यूव्ही-बी किरण नसतील तर त्वचेत ड जीवनसत्त्व बनत नाही, आणि ते नसेल तर अन्नातले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही. इथे फ्लॅटमधला मोठा गैरसमज आड येतो. बाल्कनीच्या सरकत्या काचेतून सकाळचे ऊन पेटीवर येते, म्हणजे झाले, असे लोक मानतात. काचेतून ऊब येते, यूव्ही-बी जवळजवळ येत नाही. आणि काचेची पेटी थेट उन्हात ठेवली तर ती मिनिटांत भट्टी होते. खास दिवा लागतोच, आणि तो उजेड देत राहिला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे उपयोगी किरण ओसरतात. म्हणून तो पेटतोय तोवर वापरायची वस्तू नाही, तारीख लिहून बदलायची वस्तू आहे.

मादी अन्न सोडून पेटीचे कोपरे उकरत असेल तर ती अंडी घालायला जागा शोधत असते. नर नसतानाही ती अंडी घालते. ओलसर मातीचा डबा द्यावा. उकरूनही अंडी आली नाहीत आणि ती गळून गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

काय खायला द्यावे यावर फार लिहिण्यासारखे नाही. पिल्लांना किडे जास्त, मोठ्यांना पाला जास्त. शेवग्याचा कोवळा पाला, लाल भोपळ्याचा कीस, थोडी मेथी चालते. पालक रोज नको, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. डहाणू-घोलवडचा चिकू गोड म्हणून चिमटीभरच, तोही क्वचित. पावसाळ्यात बाजारात येणारी शेवळे कच्ची अजिबात देऊ नयेत. काकडांशिवाय शिजवली तर माणसाचा घसा खाजतो, तिथे सरड्याची काय कथा. मोठा ड्रॅगन पाला सोडून अळ्यांची वाट बघत बसतो, तेव्हा बऱ्याचदा तो शिकलेला असतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात २०१४ मध्ये एका ड्रॅगनने जाळीचे सरकते दार उघडून अन्न मिळवताना पाहिले, आणि पाहणाऱ्या इतर ड्रॅगननी तसेच दार उघडून दाखवले. जो दार उघडायला शिकतो, तो ‘पाला नाकारला की अळी मिळते’ हेही शिकतोच. घरातल्या लाडाकोडाच्या मुलांप्रमाणेच.

किडे बाहेरून पकडून आणण्याचा मोह पालघरमध्ये होणारच. भाताच्या शेतातले नाकतोडे फुकट मिळतात, पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखवाल्या वाळवीचा खच पडतो. रानातले ड्रॅगन वाळवी आवडीने खातात हे खरे. पण फवारणी झालेल्या शेतातला किडा किंवा औषध मारलेल्या इमारतीतले झुरळ म्हणजे विषाचा घास. काजव्यांच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नये. अमेरिकेतले काजवे खाऊन पाळीव ड्रॅगन तासा-दोन तासांत मेल्याचे पशुवैद्यांनी नोंदवले आहे. त्या काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि ड्रॅगनला ते ओळखता येत नाही. जव्हार-मोखाड्याकडे जूनच्या सुरुवातीला झाडे लखलखतात, ते काजवे वेगळ्या जातीचे आहेत. तरीही हा प्रयोग घरी करून पाहायचा नाही.

प्रश्न माणसाच्या आरोग्याचाही आहे. निरोगी दिसणाऱ्या ड्रॅगनच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतो. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात ड्रॅगनमुळे साल्मोनेलाच्या एका दुर्मीळ प्रकाराची लागण दीडशेहून अधिक लोकांना झाली आणि त्यांत निम्म्याहून अधिक लहान मुले होती. त्याची वाटी घरच्या भांड्यांसोबत मोरीत किंवा सिंकमध्ये घासू नये, त्याला जेवणाच्या टेबलावर फिरवू नये, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालचे मूल घरात असेल तर हा प्राणी आणूच नये, हे इथे स्पष्ट सांगायला हवे.

डॉक्टरचा प्रश्न सगळ्यांत अवघड. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांसाठी आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी ड्रॅगन पाहिलेला नसणे स्वाभाविक आहे. पण शेळीच्या लेंडीत जंत आणि कॉक्सिडिया शोधणारे सूक्ष्मदर्शक ड्रॅगनच्या विष्ठेतही तेच शोधू शकते, आणि न खाण्यामागे हे परजीवी असणे नेहमीचे आहे. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन गेले तर अर्धे निदान पालघरमध्येच होऊ शकते. पुढे क्ष-किरण, रक्त, शस्त्रक्रिया लागली की मुंबई गाठावी लागते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि डहाणू लोकलही २०१३ पासून धावते. तरी आजारी, गारठलेला सरडा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून गर्दीच्या गाडीतून दोन-अडीच तास नेणे हा प्रवास त्याला झेपतोच असे नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवावी.

म्हणून विचार विकत घेण्याआधी व्हायला हवा, आणि त्याची पहिली जबाबदारी विकणाऱ्याची आहे. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती दाखवायला सांगावे. आंतरराष्ट्रीय यादीत असलेल्या परदेशी जातींसाठी २०२४ पासून केंद्राचे नोंदणी नियम लागू आहेत. हिरवा इग्वाना त्या यादीत आहे. इतर कोणत्याही परदेशी सरड्याबद्दल कागदपत्रे हातात घेऊन डहाणू वन विभागात विचारावे. ऑस्ट्रेलियाने तर आपल्या वन्यजीवांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपूर्वीच बंद केली. आणि दुकानदाराला एवढेच म्हणावे: आमच्यासमोर याला खाऊन दाखवू द्या, आणि तो ज्या दिव्याखाली बसलाय त्याचे तापमान मोजून दाखवा. ज्याला हे जमत नाही, तो पेटी, दिवा आणि प्राणी मिळून एक आजारी संच विकत असतो.

जेवण सुटलेला ड्रॅगन नकोसा झाला म्हणून चिंचणीच्या किंवा केळव्याच्या सुरूच्या बनात सोडून यायचा विचार कोणाच्या मनात आला, तर पावसाच्या पहिल्या आठवड्यातच तो तिथे गारठून मरेल, आणि जगलाच तर इथल्या सरड्यांना परदेशी रोग देईल. त्याला ठेवणे जमत नसेल तर ज्याच्याकडे दिवा, टायमर, थर्मामीटर आणि सकाळी जागे असणारे माणूस आहे, अशा घरी वजनाच्या नोंदींसह द्यावा.